कऱ्हाटीची कणगी आणि सेनेगलचा तांदूळ

काही माणसं आपल्याला आवडत नाहीत आणि मग त्याचंच आपल्याला वाईट वाटत राहतं. सोपान कोकरे सर मला आवडत नसत, आणि त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. उलट त्यांना नावडतं ठेवण्यात मी नोकरीची उत्तम वर्षं मोठ्या आनंदात घालवली. बारामतीतल्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की कोकरे सर असह्य आहेत. एवढी एकी आमच्यात संपाच्या वेळीसुद्धा दिसली नव्हती.

सर अर्थशास्त्र शिकवत. उंच, वाळलेले, मान किंचित पुढे काढून चालणारे. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आणि व्हरांड्यातून सर चालत येऊ लागले की पुढे कळप असावा असं वाटे. पोरं आपोआप बाजूला होत. चहा ते कुणाचा पीत नसत. पाणीसुद्धा घरून आणत. लग्न केलं नव्हतं. कुणी तो विषय काढला तर म्हणत, "आयातीचा आरंभ तिथंच होतो." हे ते हसून म्हणत असते तर आम्ही विनोद म्हणून खपवून घेतलं असतं. पण सर हसत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची सोयच केलेली नव्हती.

त्यांची माझी पहिली चकमक पेरूंवरून झाली. मी निमगाव केतकीचा, आमची बाग पेरूची. हंगामात सोमवारी पिशवीभर पेरू आणून स्टाफरूमच्या टेबलावर ओतायचे हा माझा रिवाज होता. सगळे तुटून पडत. त्या दिवशी कोकरे सरांनी एक पेरू उचलला, चारी बाजूंनी पाहिला आणि परत ठेवला.

"हे विकून तुम्ही घरात काय आणता?"

"काय आणता म्हणजे? गहू, ज्वारी, तांदूळ. सगळंच."

"विकत?"

"विकतच. फुकट कोण देतो?"

"म्हणजे तुम्ही सेनेगल," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

मी मराठी शिकवणारा माणूस. सेनेगल हा देश आहे, आजार आहे की शिवी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. भूगोलाच्या सरांना विचारलं, तर त्यांनाही नकाशा उघडावा लागला. आफ्रिकेच्या पार पश्चिमेच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून तो देश बसलेला होता. त्यानं माझं काय वाकडं केलं होतं ते पुढे कळलं.

कोकरे सरांचा पीएच.डी.चा प्रबंध चालू होता. मी नोकरीला लागलो तेव्हाही चालू होता आणि नव्वदचं दशक अर्धं सरलं तरी चालूच होता. विषय असा, की सेनेगल आणि फिलिपाईन्स हे दोन विकसनशील देश तांदळासाठी बाहेरच्यांवर किती अवलंबून आहेत, त्याची तुलना. ज्या तालुक्यात भाताचं एक खाचर औषधाला सापडत नाही, तिथं बसून हा माणूस दर शनिवारी एसटीनं पुण्याला जाई, ग्रंथालयात तांदळाच्या बोटींचे आकडे उतरवून घेई आणि रविवारी संध्याकाळी परत येई. आम्ही विचारत असू, "सर, ज्वारी-बाजरीवर का नाही केलंत?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. त्यांचे आजोबा पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरत. तिथल्या शेतांत रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखत पडे, त्याच्या बदल्यात शेतकरी तांदूळ देत. कऱ्हाटीला तांदूळ ठाऊक झाला तो असा. "आम्ही लेंड्या निर्यात करून तांदूळ आणला आहे," सर सांगत. "व्यापारतोल आमच्या बाजूनं होता."

प्रबंधाचं सार मला पाठ होतं, कारण ते ऐकल्याशिवाय त्या खोलीत डबा खाता येत नसे. सेनेगलला फ्रेंचांनी भुईमुगाच्या नादी लावलं. भुईमूग बोटीत चढवायचा आणि पूर्वेकडून आलेला तुकडा तांदूळ उतरवून घ्यायचा. साहेब गेला, सवय राहिली. फिलिपाईन्सचं उलटं. डोंगराच्या अंगावर पायऱ्या कापून भात लावणारी माणसं ती, पण वादळ आलं, पाऊस चुकला की त्यांच्याही धक्क्याला तांदळाच्या बोटी लागत. दोघंही बाहेरून आणतात. मग जास्त परावलंबी कोण? सर म्हणत, "फिलिपाईन्सला आजार आहे. सेनेगलला सवय आहे. आजार बरा होतो."

हे एवढ्यावर थांबतं तर आम्ही सोसलं असतं. पण प्रबंधात त्यांनी शेवटी एक प्रकरण घरचं घातलं होतं. एक गाव सणसर, इंदापूर तालुक्यातलं, कालव्याचं पाणी, चहूकडे ऊस, ज्वारी दुकानातून. दुसरं गाव कऱ्हाटी, बारामती तालुक्यातलं, सरांचं स्वतःचं, कोरडवाहू, पण कणगीत घरची ज्वारी. सणसर म्हणजे सेनेगल, कऱ्हाटी म्हणजे फिलिपाईन्स. दोन देशांचं जे आकड्यांतून सिद्ध करायचं, ते ह्या दोन गावांतून डोळ्यांना दाखवायचं, अशी ती योजना. आणि सरांच्या समोरच्याच टेबलावर, त्यांच्याच विभागात, सणसरचे जगताप सर बसत.

जगताप म्हणजे कोकऱ्यांचं सगळं उलटं. गोल, गुळगुळीत, मोठ्यानं हसणारे, जीपनं येणारे. ऊस इतका, की कॉलेजची नोकरी ते विरंगुळा म्हणून करतात असं आम्ही म्हणायचो. विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. सेवेत जगताप ज्येष्ठ, पण कोकऱ्यांना पीएच.डी. मिळाली की खुर्ची त्यांची, हे उघड होतं. त्यामुळे स्टाफरूममध्ये जे चाले ते दोन देशांबद्दल असलं तरी कुठल्या खुर्चीबद्दल आहे, ते आम्हाला कळत असे.

"तुमचा फिलिपाईन्स पाऊस चुकला की उपाशी बसतो," जगताप म्हणत. "आमचा सेनेगल खिशात पैसे टाकून बाजारात जातो. जग आता खुलं झालंय, सर."

"दुकानदार नाही म्हणाला तर?"

"दुसऱ्या दुकानात जाऊ."

"सगळेच नाही म्हणाले तर?"

"सगळे कशाला नाही म्हणतील?"

"तुम्ही त्यांच्याशीही असंच बोलत असाल म्हणून."

आम्ही हसलो. जगतापही हसले, पण त्यांच्या गालावरचं हसू मिशीच्या खाली उतरलं नाही. मी त्या काळात तास बुडवून ही भांडणं ऐकत असे. तमाशाला तिकीट असतं, इथं वर पगार मिळत होता.

त्या वैराला खरा रंग चढला तो जगतापांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात. सगळ्या कॉलेजला सणसरचं आमंत्रण होतं. कोकरे सर येणार नाहीत अशी आमची खात्री होती, पण सर आले, वेळेआधी आले आणि पहिल्याच पंगतीला माझ्या शेजारी बसले. बुंदी झाली, वांग्याची भाजी झाली, मग भाताची घमेली घेऊन वाढपी आले. सरांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"हा तांदूळ कुठला?"

"आता मला काय ठावं? आचाऱ्याला इचारा," वाढपी म्हणाला.

"विचारून या."

पंगतीत आग्रह मोडणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. वाढपी गेला तो थेट यजमानांनाच घेऊन आला. फेटा बांधलेले जगताप, घामानं डबडबलेले, हात जोडून उभे राहिले.

"सर, आजच्या दिवस तरी गुमान जेवा."

"जेवतोच आहे. तुमच्या शिवारातलं वाढा, खातो."

"शिवारात ऊस आहे."

"मग ऊस वाढा."

आजूबाजूची पंगत माना वळवून बघू लागली. मला वाटलं जगताप आता हात उगारतात. त्यांनी एका पोऱ्याला हाक मारली, त्याच्या कानात काही सांगितलं, आणि थोड्या वेळानं मळ्यातून तोडून आणलेलं हिरवंगार, पाचटासकट उसाचं एक टिपरं कोकरे सरांच्या पत्रावळीवर आडवं पडलं. ते पत्रावळीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलं होतं. जगतापांना वाटलं, झाला पाणउतारा.

सरांनी पाचट काढलं. ऊस गुडघ्यावर मोडला. दातांनी सोलला आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. सगळ्यांचा दहीभात संपला. सगळ्यांचं पाणी पिऊन झालं. सर कांडी संपवत, चोथा नीट पत्रावळीच्या कडेला रचत आणि पुढची कांडी घेत. दुसऱ्या पंगतीची माणसं मांडवाच्या तोंडाशी उन्हात उभी. नवरीकडचा कुणी मामा ओरडला, "अहो, ह्या म्हाताऱ्याला कुणीतरी आवरा." सर म्हणाले, "यजमानांनी वाढलंय, टाकता येत नाही." माझे पाय बधिर झाले होते, पण मी जगातल्या कुठल्याही सिंहासनासाठी ती जागा सोडली नसती. जगताप पंगतीभर येरझारा घालत होते. शेवटी त्यांनी स्वतः येऊन सरांच्या पानावरचं उरलेलं टिपरं उचललं आणि म्हणाले, "उठा. हे मी तुम्हाला कधीतरी परत करीन."

त्यांनी ते केलंही, आणि असं केलं की माझ्यासारख्या तमासगिरालाही क्षणभर खाली बघावं लागलं.

सरांना त्या शेवटच्या प्रकरणासाठी दोन्ही गावांतल्या घरांत धान्य किती आहे ते प्रत्यक्ष बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी श्रावण निवडला. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात घरात येते, तेव्हा कुणाच्याही कणगीत हात घातला तर दाणे लागतात. श्रावणात जे उरतं ते खरं. सणसरला सर न सांगता गेले, कारण जगतापांच्या माणसांना तयारीला वेळ द्यायचा नव्हता. तिथं बायाबापड्यांनी सरळ सांगितलं, "ज्वारी? दुकानातनं आणतो की." कऱ्हाटीला मात्र सरांनी आठ दिवस आधी रीतसर पत्र पाठवलं. आपलं गाव, आपली माणसं, त्यांना त्रास नको. मग ठरल्या दिवशी कागद घेऊन गेले आणि घराघरांतल्या कणग्या पाहून आले. तिकडून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्याला त्यांच्यापुरतं हसूच म्हणावं लागेल. भर श्रावणात कऱ्हाटीची एकही कणगी रिकामी नव्हती.

प्रबंध विद्यापीठात देण्याआधी त्यावर एक जाहीर चर्चा ठेवावी लागते. पुण्याहून सरांचे मार्गदर्शक आले. आमच्या सभागृहात अख्खा स्टाफ जमला, एरवी शोकसभेलाही इतके येत नसत. सर चांगलं बोलले. मला मान्य करायला आवडत नाही, पण फार चांगलं बोलले. फळ्यावर बोटी आल्या, भुईमूग गेला, मनिलाच्या धक्क्यावर पोती उतरली. शेवटी सणसर आणि कऱ्हाटी आले आणि सर पाणी प्यायले.

जगताप उठले. त्यांच्या हातात प्रबंधाची टाइप केलेली प्रत होती.

"एक वाक्य वाचतो. 'कऱ्हाटीतील सर्व घरांत एकाच वाणाची, एकाच प्रतीची ज्वारी आढळली. गावाने आपले बियाणे एकजुटीने जपल्याचे हे लक्षण आहे.' हे तुमचंच ना, सर?"

"माझंच."

"सगळ्या घरांत एकसारखी?"

"एकसारखी. मी हातात घेऊन पाहिली आहे."

"वाण एक नव्हता, सर," जगताप म्हणाले. "पोतं एक होतं."

मग त्यांनी घाई न करता सगळं सांगितलं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको कऱ्हाटीची. सर येणार म्हणून पत्र आलं तेव्हा गावात धावाधाव झाली, कारण श्रावणात कुणाच्याच कणगीत काही नव्हतं. तिच्या माहेरून निरोप आला, काहीतरी पाठव. तिनं सणसरहून ज्वारी धाडली. ती ज्वारीसुद्धा ऊसवाल्यांनी बारामतीच्या बाजारातून विकत आणलेली. कऱ्हाटीच्या बायकांनी कणगीत खाली भुसकट भरलं आणि वर ज्वारीचा थर दिला. सरांना एका घरच्या ओसरीवर बोलण्यात गुंतवून ठेवायचं, तोवर मागच्या दारानं ज्वारी पुढच्या घरात पोचायची. "म्हणजे तुमच्या फिलिपाईन्सनं तुम्हाला सेनेगलचं धान्य दाखवलं," जगताप म्हणाले, "आणि तुम्ही ते गावभर मोजलंत."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकलं, आणि मग सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, माझा आवाज त्यात मोठा होता.

सर उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, ते बघून मी क्षणभर खाली पाहिलं. "हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षापासून."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही ऊस आधी का नाही संपवलात?" जगताप म्हणाले आणि खाली बसले.

त्या दुपारी सर स्टाफरूममध्ये आले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर ते स्टँडच्या दिशेनं चालले होते, आणि ते कुठं जाणार हे मला कळलं. पुढचा अंक चुकवण्याइतका मी साधू नव्हतो. कऱ्हाटीच्या गाडीत मी त्यांच्या मागच्या बाकावर बसलो. त्यांनी मला पाहिलं, पण उतर म्हणाले नाहीत. बहुधा साक्षीदार हवा असावा.

सरांचं घर म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं घर. भाऊ वारलेले, गोदावहिनी एकट्या शेत बघत. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात मिरच्या उलथत होत्या. सर चपला न काढता उभे राहिले.

"वहिनी, मी मोजायला आलो त्या दिवशी कणगीत ज्वारी होती, ती कुणाची?"

"आसंल कुनाची तरी."

"सणसरची होती. तुमच्याकडून ती शेजारी गेली, तिथनं पुढं गेली. गावभर तुम्ही एकच ज्वारी फिरवलीत."

"मग? समद्यांकडं न्यारी न्यारी कुठनं आणायची? श्रावण हुता. श्रावणात कुणाच्या कणगीत ज्वारी आसती?"

"तेच तर मला लिहायचं होतं. नाही आहे, हेच लिहायचं होतं."

"पाव्हन्याला रिकामी कणगी दावायची व्हय? त्यापरास तोंडाला काळं फासून येशीवर बसलेलं बरं."

"मी पाहुणा? ह्या घरात जन्मलोय मी."

वहिनींनी हातातली मिरची खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवला. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जल्मला आसाल. पर घरचा मानूस पत्र धाडून येतो का? सणसरला न सांगता गेलात, आन् हितं सांगून आलात. कागद घिऊन आलात. माझ्याच उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन मलाच इचारलं, कुटुंबप्रमुखाचं नाव काय. तुमच्या थोरल्या भावाचं नाव तुमाला ठावं न्हाय? मी त्या दिशी तुमाला भावजी म्हनलं का? सर म्हनलं. ध्यानात बी आलं न्हाय तुमच्या."

कुंपणापलीकडची एक बाई म्हणाली, "आमी तर साखरंचा चहा केला हुता. त्यो बी पिले न्हाईत."

"माझं नाव मातीत गेलं आज," सर म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "इतक्या वर्षांचं काम गेलं. सगळ्यांसमोर हसले मला."

"हसू द्या की. तुमी लोकांस्नी कमी हसला का? आमचं नाव ऱ्हायलं न्हवं." वहिनी पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. "तुमच्या त्या कागदापाय आमी उघड्यावर यायचं व्हय? तुमचं पुस्तक बारामतीत वाचत्याल, पुन्यात वाचत्याल. त्यात काय लिवनार? कोकऱ्याच्या घरात दाना न्हाय. मग माझ्या लेकीला सोयरीक कोन सांगनार?"

सर वळले आणि गाडीच्या थांब्याकडे चालू लागले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला बोलायची फार इच्छा होती. पण जे सुचत होतं ते सगळं चांगलं होतं आणि एकही त्या वेळी म्हणण्यासारखं नव्हतं.

मार्गदर्शकांचं म्हणणं व्यवहारी होतं. गावांचं प्रकरण काढून टाका. दोन देशांची तुलना भक्कम आहे, आकडे अधिकृत आहेत, पदवी मिळेल. सगळा स्टाफ वाट बघत होता. सरांना एक प्रकरण फाडायचं होतं आणि खुर्ची त्यांची होती. त्यांनी प्रबंध दिलाच नाही.

मी कारण विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे सेनेगलकडे बघतात तसे बघत म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावजयीनं मला भरलेली कणगी दाखवली. मग मनिलाचा कारकून मला खरं कशाला सांगेल? त्याची कुणी सोयरीक नसेल? डाकारच्या गोदामात पाहणीच्या आदल्या दिवशी काय भरलं, काय काढलं, ते मला कोण सांगणार? मी आयुष्यभर दोन देशांच्या ओसरीवर बसून होतो."

जगताप विभागप्रमुख झाले. गंमत अशी, की ज्यांनी प्रबंध पाडला तेच तो द्यावा म्हणून सरांच्या मागे लागले. "अहो, एक प्रकरण गेलं म्हणून काय झालं? बाकीचं मी स्वतः वाचलंय. उत्तम आहे." जिंकल्यावर समोरचं टेबल गप्प झालं होतं आणि जगतापांना ते सोसवेना. मुद्दाम सरांसमोर मसालेभाताचा डबा उघडत, तांदूळ कुठला म्हणून कुणी विचारेल अशी वाट बघत. सर मान वर करत नसत. एकदा फक्त म्हणाले, "तुम्ही जे केलंत ते बरोबर होतं, जगताप. म्हणून तुम्हाला माफ करता येत नाही." मला हे वाक्य वर्गात सांगावंसं वाटलं, पण अभ्यासक्रमात बसत नव्हतं.

पुढे सर निवृत्त झाले आणि कऱ्हाटीला राहायला गेले. निरोपाचा समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. दशक संपत आलं तेव्हा जगतापांची पाळी आली. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही कोकऱ्यांना घेऊन या. माझ्याबद्दल वाईट बोलणारा एकतरी पाहिजे, नाहीतर सगळा समारंभ खोटा वाटेल."

श्रावणच होता. मी न कळवता गेलो. दार उघडं होतं, आत अंधारात गोदावहिनींचा आवाज चालला होता.

"वाका आजून, वाका. तळ दिसतोय का? म्या काय खोटं बोलते? घाला डोस्कं आत."

डोळे सरावल्यावर मला दिसलं. कोकरे सरांचं कमरेपासून वरचं अंग कणगीत होतं. शेणानं सारवलेल्या त्या उंच कणगीच्या तोंडातून फक्त पाठ आणि धोतराचा सोगा बाहेर होता. आतून नखं घासल्याचा आवाज येत होता.

"कोपऱ्यात हाय थोडी," आतून सरांचा आवाज आला, घुमल्यासारखा.

"ती किडकी हाय. भावजी, त्या पट्टीत ज्वारी पेरू नका म्हनलं हुतं, ऐकलं का माझं?"

मी खाकरलो. वहिनींनी मागे पाहिलं आणि पदर सावरला. सर वर आले. केसांत भुसकट, हाताला धूळ, चष्मा कपाळावर. त्यांनी मला ओळखलं, आणि आधी कणगीच्या तोंडावर गोणपाट ओढून घेतलं, चारी बाजूंनी दाबलं. मग म्हणाले, "काय काम काढलंत?"

मी निरोप सांगितला.

"जगतापांना सांगा, येणार नाही. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला बाहेरगावाहून माणूस मागवायची वेळ आली? तिथं कुणी पिकत नाही का?"

हे ते पूर्वीच्याच तोऱ्यात म्हणाले आणि मला बरं वाटलं. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. मी कणगीकडे बघत विचारलं, "यंदा ज्वारी कशी आहे, सर?"

वहिनी सरांकडे बघू लागल्या. सरांनी गोणपाटावर हात ठेवला, पाहुण्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"उदंड हाय," ते म्हणाले. "जेवल्याबिगर जायचं न्हाय तुमी."

मी नको नको म्हणालो. सरांनी माझा दंड धरून मला ओसरीवर नेलं, घोंगडी झटकून टाकली आणि बसवलं. मागे पाहिलं तर वहिनी पदराखाली रिकामी पाटी घेऊन मागच्या दारानं शेजारी निघाल्या होत्या. मी वळून बघतोय हे पाहताच सर माझ्या समोर सरकून बसले आणि त्या परत येईपर्यंत मला फिलिपाईन्सच्या पावसाबद्दल सांगत राहिले.